लंगोटावरची लोकरी चड्डी: अल्पाका वापरायची असेल तर

आई बाळंतपणासाठी अमेरिकेत ओहायोला आली तेव्हा तिच्या बॅगेत सगळा बाळंतविडा होता. झबली, टोपडी, कुंची, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि दोन डझन तिकोनी लंगोट. त्या लंगोटांवर घालायला म्हणून मी विणायला घेतलेली लोकरीची चड्डी तिला दाखवली, तर ती म्हणाली, "शू करणाऱ्या पोराला लोकर? भिजेल, आणि वास मारेल तो वेगळाच."

मी म्हटलं, "आई, घोंगडी आठव."

मेंढपाळ भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन उभा राहतो, तो काही प्लास्टिक पांघरून उभा नसतो. पाणी घोंगडीवरून ओघळतं. जे मुरतं ते हळूहळू मुरतं, आणि ओल्या घोंगडीतही माणसाला ऊब मिळते. लंगोटावरची लोकरी चड्डी याच तत्त्वावर चालते. लोकरीचा तंतू वरून पाणी झटकतो आणि आतून वाफेच्या रूपातली ओल शोषतो. आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल पोटात घेऊनही तो हाताला ओला लागत नाही. ही ओल मग बाहेरच्या हवेत उडून जाते. प्लास्टिकच्या चड्डीत बाळाचं बूड वाफेत शिजतं, तसं इथे होत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. शू धरून ठेवायचं काम सुती लंगोटाचं आहे, चड्डीचं नाही. चड्डी फक्त ती बाहेर यायला उशीर लावते. खाली पातळ लंगोट घालून वर कितीही महागडी लोकर चढवली तरी गादी भिजणारच.

अल्पाका आणि मेंढी यांत फरक काय

अशा चड्ड्यांसाठी बहुतेक लोक मेंढीची लोकर वापरतात. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, उंटाच्या कुळातला प्राणी. जगातले सर्वांत जास्त अल्पाका पेरूमध्ये आहेत आणि तिथल्या लोकरीच्या धंद्याचं मोठं केंद्र आरेकिपा शहर आहे. ओहायोतही अल्पाका पाळणारे बरेच आहेत, म्हणून मी या नादाला लागले. शनिवारच्या बाजारात एका बाईने एक लडी हातात ठेवली आणि ती इतकी मऊ लागली की पुढचा विचार न करता मी तीन घेतल्या. विचार नंतर करावा लागला.

मेंढीच्या अंगावरच्या लोकरीत लॅनोलिन नावाचं मेणासारखं स्निग्ध द्रव्य भरपूर असतं, अल्पाकाच्या लोकरीत ते अगदीच थोडं. यावरून कोणी म्हणतं की मेंढीची लोकर तशीच चालते आणि अल्पाकाला तेवढं लॅनोलिन द्यावं लागतं. हे अर्धवट आहे. दुकानातल्या मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिनही गिरणीत धुऊन गेलेलं असतं, त्यामुळे ते दोघींनाही वरून द्यावं लागतं. खरा फरक तंतूत आहे. मेंढीच्या तंतूवर खवले असतात आणि तो स्प्रिंगसारखा कुरळा असतो. अल्पाकाचे खवले चपटे आणि तंतू गुळगुळीत, म्हणून तो टोचत कमी. पण त्याच कारणाने लॅनोलिन त्याला मेंढीच्या लोकरीइतकं धरून राहत नाही. शिवाय कुरळेपणा कमी असल्यामुळे ताणलेलं कापड पुन्हा जागेवर येत नाही. कमरेची पट्टी दोन दिवसांत सैल पडते.

थोडक्यात, अल्पाका मऊ आणि उबदार आहे, पण तिच्यात पकड नाही. पुढचा सगळा खटाटोप ही पकड आणण्यासाठीच आहे.

लोकर निवडताना

पहिल्या चड्डीसाठी शंभर टक्के अल्पाका घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धी अल्पाका आणि अर्धी मेंढीची लोकर असलेला धागा घ्या. मऊपणा अल्पाकाचा मिळतो आणि ताण मेंढीचा. हात बसला की मग शुद्ध अल्पाकाच्या वाटेला जा.

लेबलवर चार गोष्टी बघा. 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर ती लोकर परत ठेवा. मशीनमध्ये धुता यावी म्हणून त्या लोकरीचे खवले रसायनाने झिजवलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात, आणि आपल्याला नेमकी खवल्यांचीच गरज आहे. ॲक्रिलिक किंवा नायलॉनची भेसळ नको. अल्पाकाच्या दोन जातींपैकी 'वाकाया'ची लोकर घ्या, ती फुगीर असते. दुसरी 'सुरी', तिच्या रेशमासारख्या लांब बटा असतात. शालीला ती सुंदर, पण चड्डीला फार निसरडी. आणि 'बेबी अल्पाका' हे शब्द पिल्लाची लोकर म्हणून वाचू नका. ती बारीकपणाची प्रत आहे. पेरूच्या वर्गवारीत साधारण २३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक लोकरीला हे नाव मिळतं, मग ती म्हाताऱ्या अल्पाकाची का असेना.

फार्मवरून थेट घेत असाल तर लडी हनुवटीखाली, गळ्याला अर्धा मिनिट धरून बघा. अल्पाकाच्या अंगावर मऊ केसांबरोबर जाड राठ केसही असतात, आणि छोट्या गिरणीत ते नीट वेगळे झाले नसतील तर सुतात राहतात. तुमच्या गळ्याला जे टोचतं ते बाळाच्या मांडीला टोचणारच. माझ्या त्या तीन लड्यांपैकी एक अशीच निघाली. तिचं मी पायपुसणं केलं.

जाडी मध्यम हवी, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर. चार-पाच महिन्यांच्या बाळाच्या एका चड्डीला एवढी लोकर पुरते.

माप आणि विणकाम

माप घेताना बाळाला लंगोट घातलेला असू द्या, तोही रात्रीचा जाड. दोन मापं पुरतात: कुल्ल्यांभोवतीचा घेर, आणि पुढे बेंबीपासून दोन पायांमधून मागे कमरेपर्यंतची लांबी. आमच्या बाळाची पाचव्या महिन्यात ही मापं ४८ आणि ४० सेंटिमीटर होती. खालचा हिशेब त्यावरून केला आहे. तुमची मापं वेगळी असतील तर टाके त्या प्रमाणात बदला.

सुया नेहमीपेक्षा बारीक घ्यायच्या. या जाडीच्या लोकरीला एरवी साडेचार-पाच मिलिमीटरची सुई लागते. आपण ३.७५ मिलिमीटरची घेऊ, म्हणजे भारतात मिळणारी नऊ नंबरची. पट्ट्यांसाठी ३.२५ मिलिमीटर, म्हणजे दहा नंबरची. वीण घट्ट हवी. आधी वीतभर रुंद तुकडा विणून मोजा: १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि सुमारे ३० ओळी आल्या पाहिजेत. तो तुकडा धुऊन, वाळवून पुन्हा मोजा, कारण अल्पाका धुतल्यावर पसरते. हा कंटाळा केला तर चड्डी बाळाला न होता भावाला होते. तुकडा उजेडासमोर धरल्यावर टाक्यांमधून खिडकी दिसत असेल तर आणखी बारीक सुई घ्या.

चड्डी पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एकाच तुकड्यात विणायची आहे. दहा नंबरच्या सुईवर ५४ टाके घाला आणि दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी ५ सेंटिमीटर विणा. ही पट्टी पुढे आत दुमडून नेफा करायचा आहे. मग नऊ नंबरच्या सुया घेऊन एक ओळ सुलट, एक उलट असं साधं विणकाम ७ सेंटिमीटर करा. आता पायांसाठी आकार: प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना दोन टाके एकत्र विणून एकेक कमी करा. सोळा ओळींनंतर २२ टाके उरतील. त्या २२ टाक्यांवर ६ सेंटिमीटर सरळ विणा, हा दोन पायांमधला भाग. पुढे मागची बाजू. इथे टाके सावकाश वाढवायचे, एक ओळ सोडून एका ओळीत, दोन्ही टोकांना एकेक, म्हणजे ३२ ओळींत पुन्हा ५४ होतील. मागचा भाग असा मोठा होतो आणि लंगोटाचा फुगा त्यात मावतो. मग पुन्हा ७ सेंटिमीटर सरळ, ५ सेंटिमीटर पट्टी, आणि टाके सैल हाताने बंद करा.

दोन्ही बाजूंच्या कडा शिवून टाका. पायाच्या भोकाभोवती दहा नंबरच्या सुईने ५६ टाके उचला आणि दोन सुलट, दोन उलट अशा सहा ओळी विणा. यापेक्षा जास्त टाके उचलू नका. भोक किंचित आवळलेलं हवं, कारण अल्पाका पुढे सैल पडणार हे धरूनच चालायचं आहे.

कमरेची पट्टी आत दुमडून नेफा केला की त्यात दीड-दोन सेंटिमीटर रुंदीचं इलॅस्टिक घाला. लोकरीची नाडी ओवायची पद्धत सगळीकडे दिसते आणि दिसतेही गोड, पण लांब लोंबणारी नाडी तान्ह्या बाळाच्या अंगावर मला नको वाटते. शुद्ध अल्पाकात तर इलॅस्टिकला पर्यायच नाही.

शेवटी एक जादा तुकडा: १० सेंटिमीटर रुंद, १५ लांब, त्याच लोकरीचा. तो दोन पायांमधल्या भागात आतून शिवून टाका. गळती बहुतेक इथूनच सुरू होते, आणि हा दुहेरी थर रात्र निभावून नेतो.

विणकाम येत नसेल तर अंगाला छोटा झालेला शुद्ध लोकरीचा किंवा अल्पाका-मिश्र स्वेटर घ्या. गरम पाण्यात चोळून त्याचा नमदा, म्हणजे आटून घट्ट झालेलं जाड कापड, होऊ द्या आणि त्यातून चड्डी कापा. स्वेटरची खालची पट्टी कमरेला येते, बाह्यांच्या पट्ट्या पायांना. आईने तिची चड्डी अशीच केली, माझी विणून व्हायच्या आत.

लॅनोलिन देणे

ही पायरी गाळली तर चड्डी म्हणजे नुसता पायजमा. अंगाला ओल लागली की अर्ध्या तासात बाहेर.

आधी चड्डी कोमट पाण्यात बेबी शांपूचे चार थेंब घालून हलक्या हाताने धुवा. सूत कातताना लावलेलं तेल आणि धूळ निघून जाऊ द्या.

लॅनोलिन घरात बहुधा असतंच. स्तनाग्रांना चिरा पडल्यावर लावायला बाळंतिणीला जी ट्यूब देतात, त्यातल्या काहींत शुद्ध लॅनोलिनच असतं. ट्यूबवरचे घटक वाचून घ्या. त्यात दुसरं काही नको. एका चड्डीला अर्धा चमचा घ्या. काचेच्या बरणीत कपभर उकळतं पाणी, त्यात हे लॅनोलिन आणि बेबी शांपूचे दोन-तीन थेंब. झाकण लावायच्या आधी चमच्याने ढवळून वाफ जाऊ द्या, मग फडक्यात धरून बरणी हलवा. पाणी दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर पिवळट तवंग तरंगत असेल तर लॅनोलिन विरघळलेलं नाही. शांपूचा आणखी एक थेंब टाका, पुन्हा हलवा. तवंग असलेलं पाणी वापरलं तर चड्डीवर चिकट डाग पडतात आणि मधल्या जागा कोरड्याच राहतात. माझी पहिली चड्डी अगदी चित्त्यासारखी झाली होती.

टबात चड्डी बुडेल एवढं कोमट पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, ना गरम ना गार लागलं पाहिजे. दुधाळ पाणी त्यात ओता, ढवळा, आणि चड्डी उलटी करून बुडवा, म्हणजे आतली बाजू बाहेर. दाबून हवा काढा आणि रात्रभर सोडून द्या.

सकाळी तिला टबातून उचलायची रीत महत्त्वाची. ओली अल्पाका वजनदार होते आणि आपल्याच वजनाने लांबते. कडेला धरून वर ओढू नका. दोन्ही हातांच्या ओंजळीत गोळा करून उचला, दाबून पाणी काढा, पिळू नका. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि तिच्यावर उभ्या राहा. मग सपाट जागी, आकार नीट करून, सावलीत वाळवा. दोरीवर टांगली तर काय होतं ते मला ठाऊक आहे: संध्याकाळपर्यंत चड्डीची पाटलोण झाली होती. वाळायला एक ते दोन दिवस लागतात. हिवाळ्यात हीटर चालू असेल तर कमी, पण हीटरवर ठेवू नका.

मेंढीच्या लोकरीला एक-दोनदा लॅनोलिन दिलं की भागतं. अल्पाकाला पहिल्या वापराआधी तीनदा द्या, दर वेळी मध्ये पूर्ण वाळवून. मग परीक्षा घ्या. चड्डीवर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर चड्डी तयार. पाहता पाहता मुरले तर चौथी फेरी.

लॅनोलिनची काही जणांना ॲलर्जी असते. चड्डी घालण्याआधी थोडंसं बाळाच्या मांडीला लावून एक दिवस थांबा. लाल चट्टा आला तर हा सगळा बेत रद्द.

घालताना

खाली जाड सुती लंगोट, नीट बांधलेला, त्याची एकही कड चड्डीबाहेर डोकावत नाही ना ते पायाच्या पट्टीत बोट फिरवून बघा. बाहेर आलेली सुती कड दिव्याच्या वातीसारखी काम करते. सगळी ओल बाहेर खेचून गादीला देते. वरून घट्ट सुती बॉडीसूट घातला तरी तेच होतं, म्हणून रात्री वर सैल झबलं बरं. कार सीटचा पट्टा किंवा कडेवर घेतल्यावरचा दाब यांनीही ओल बाहेर पडते. लोकर दाबाखाली फार टिकत नाही. लांब प्रवासाला मी ही चड्डी वापरत नाही.

ती खरी कामाची आहे थंडीतल्या रात्री. अल्पाका फार उबदार असते. ओहायोच्या जानेवारीत वरदान, जुलैत त्रास. बाळाच्या मानेमागे हात लावून बघा, घाम आला असेल तर वरचं पांघरूण काढा. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यासाठी मी ही चड्डी कोणाला सुचवणार नाही. महाबळेश्वरच्या डिसेंबरात चालेल.

किमान दोन हव्यात, तीन असतील तर निवांत. सकाळी काढलेली चड्डी धुवायची नसते, नुसती वाऱ्यावर पसरायची. वाळल्यावर शूचा वास राहत नाही, हे आईला पटायला आठवडा लागला. रोज सकाळी ती चड्डी नाकाला लावून बघायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची.

धुणं आणि पुन्हा लॅनोलिन

चड्डी वाळल्यावरही वास येऊ लागला तर धुवायची वेळ झाली. साधारण दोन ते तीन आठवड्यांनी ती येते. शी लागली तर अर्थात लगेच, तीही फक्त तेवढीच जागा, कोमट पाणी आणि बेबी शांपूने. कपड्यांची नेहमीची पावडर वापरू नका. तिच्यात बहुधा प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात. डाग काढायला ती चांगली, पण लोकरही प्रथिनच आहे, तीही खाल्ली जाते. ब्लीच तर अजिबात नको. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी एकाच तापमानाचं ठेवा. अल्पाकाचा नमदा होत नाही असं कोणी सांगितलं तरी मशीनमध्ये घालू नका, होतो.

धुतल्यावर दर वेळी लॅनोलिनची एक फेरी. अल्पाकाला मेंढीपेक्षा लवकर लागते, हे आता वेगळं सांगायला नको.

मधूनच गळायला लागली तर लॅनोलिनवर घसरण्याआधी लंगोट बघा. सुती लंगोट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरला असेल तर तो शू शोषतच नाही, आणि दोष चड्डीवर येतो.

ठेवताना डांबरगोळ्या नकोत

बाळाचं माप वाढलं की चड्डी ठेवून द्यायची वेळ येते, आणि लोकरीला कसर लागते म्हणून आपल्या घरात पहिला हात जातो डांबरगोळ्यांकडे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या कधीच ठेवू नका. जुन्या डांबरगोळ्यांत नॅफ्थॅलिन असतं. त्याच्या वाफेने आणि कपड्यांत राहिलेल्या अंशाने लहान बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि रक्तक्षय झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांना धोका सर्वांत मोठा. भारतीयांत ही कमतरता काही दुर्मीळ नाही, आणि ती आहे हे बहुतेक घरांत माहीतही नसतं. आईने पुण्याहून आणलेली दुपटी डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतली होती. वास येताच ती सगळी दोनदा धुतली आणि दोन दिवस उन्हात टाकली, मगच बाळाजवळ आणली. ट्रंकेतलं काहीही बाळाला घालायच्या आधी डॉक्टरांना विचारलं तर आणखी बरं.

कसर मळक्या लोकरीला आधी लागते. म्हणून चड्डी स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि पिशवी तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून सोबत ठेवला तरी चालेल, पण पिशवी घट्ट बंद असणं जास्त महत्त्वाचं. पुढच्या बाळाला काढताना नेफा उसवून इलॅस्टिक नवं घाला, कारण लोकरीच्या आधी तेच जातं.